चौथी दोरी

मी एक जुना आकडा आहे. पाढ्यातला नव्हे. ज्याच्यावर मोठी माणसे पैसे लावतात आणि मग डोके धरून बसतात, तोही नव्हे. मी साधा लोखंडी आकडा. माथ्यावर दोरी ओवायला एक नेढे आणि खाली वाकलेली चोच, एवढाच माझा संसार. दिसायला मी प्रश्नचिन्हासारखा आहे, पण मला कधी कोणी काही विचारले नाही. आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर माझी कथा सांगून टाकतो.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. लोहार दाराच्या कड्या करत होता. शेवटी वीतभर सळई उरली. टाकून देणे त्याच्या जिवावर आले, म्हणून त्याने ती तापवली, ऐरणीवर ठेवून ठोकली, वाकवली आणि पाण्यात बुडवली. ‘चुर्रर्र’ असा आवाज झाला. तेच माझे पहिले रडणे. थोडक्यात काय, मित्रांनो, मी उरलेल्या मालाचे अपत्य आहे. पण यात लाज कसली? जगातली पुष्कळ मोठी माणसे अशीच कोणाच्या तरी हाताशी वेळ उरला म्हणून घडलेली असतात. ती सांगत नाहीत, मी सांगतो.

लोहाराकडून मी एका पिठाच्या गिरणीत आलो. गिरणी म्हणजे रस्त्याच्या कडेची एक उंच खोली, तिच्यात एक चक्की, भिंतीलगत एक मोटर आणि दोघांना जोडणारा रुंद पट्टा. छतापासून फरशीपर्यंत सगळ्यावर पिठाचा पातळ थर. कोळीसुद्धा तिथे पांढरे असत. छताला वजनकाटा टांगलेला होता आणि काट्याच्या खाली मी. लोक धान्याचे डबे आणत, डबा कडीने माझ्या चोचीत अडकवला जाई, काट्याची सुई हलून स्थिरावे आणि गिरणीवाला मान डोलवी. मी कधी डबा पाडला नाही. गिरणीवाला रोज सकाळी मला फडक्याने पुसत असे. त्या वेळी मला वाटे, ही सगळी गिरणी माझ्यावरच लटकलेली आहे. तरुणपणी असे वाटते.

गिरणीवाला बोलायला अगदी कमी. त्याचे कारण स्वभाव किती आणि धंदा किती, हे मी सांगू शकणार नाही. चक्की सुरू झाली की तिथे समोरच्या माणसाचा शब्द ऐकू येत नसे. म्हणून गिरणीत सगळा कारभार खुणांनी चाले. चिमूट चोळली की बारीक दळा, मूठ चोळली की जाड ठेवा, पंजा उभा धरला की थांबा. गिरणीवाल्याची बायको दाराशी बसून डबे घ्यायची. तीही खुणांनीच नवऱ्याशी बोले. दिवसभर असे गेल्यावर घरी येऊन तो काय बोलणार? घर मागेच होते, एका दाराच्या अंतरावर. दार ओलांडताना तो आपले शब्द बहुधा गिरणीतच ठेवून येई.

पण त्याच्या गप्प बसण्याला घरात अर्थ होता. त्यांना एकच मुलगी होती. एका जागी बसत नसे म्हणून तिचे मामा तिला ‘भिंगरी’ म्हणत, आणि पुढे तेच नाव पडले. भिंगरी धावत येऊन विचारी, “बाबा, मी खेळायला जाऊ?” बाबा गप्प. आई आतून सांगे, “हो म्हणालेत, जा.” भिंगरी विचारी, “बाबा, मी मैत्रिणीकडे राहायला जाऊ?” बाबा गप्प. आई आतून सांगे, “नाही म्हणालेत.”

“अगं, पण ते काही बोललेच नाहीत!”

“तेच ते.”

या दोन गप्प बसण्यांत फरक काय, हे फक्त आईला कळे. ती त्यांच्या मौनाची दुभाषी होती आणि कधी चुकत नसे. निदान सगळे तसे धरून चालत, बाबासुद्धा.

काही वर्षांनी गिरणीत नवा वजनकाटा आला. तो सपाट होता, टेबलावर बसे आणि त्याच्या तोंडावर लाल आकडे आपोआप उमटत. म्हणजे माझी नोकरी आकड्यांनीच घालवली. आपल्यातलेच कोणी जागा घेते तेव्हा जास्त लागते. मला काढून खिळ्यांच्या डब्यात टाकले. तिथे मी गंजत पडलो असतो, पण मामांनी मला वाचवले. वाचवले म्हणजे, त्यांच्यामुळे मी वाचलो. त्यांचा तसा हेतू नव्हता.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होते. तिथे समोर बसलेल्या माणसाचे तोंड उघडे असते पण त्याला बोलता येत नाही. वर्षानुवर्षे अशा लोकांशी गप्पा मारून मामांना उत्तराची गरजच उरली नव्हती. ते दर रविवारी जेवायला येत. त्यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की गिरणीचा पट्टा बरा वाटे, कारण त्याला बंद करायला निदान बटण होते.

एका रविवारी आईचे डोके दुखत होते. मामा कोणाची तरी अक्कलदाढ कशी निघाली हे सांगत होते आणि दाढ अजून निम्मीच निघाली होती. आई उठली. तिने खिळ्यांच्या डब्यातून मला काढले. पोती शिवायच्या सुतळीचे चार लांब तुकडे माझ्या नेढ्यात बांधले. शेजारी रंगाचे दुकान होते, तिथून रंगाचे सहा छोटे रिकामे डबे आणले, तारेच्या कडीचे. टेबलाच्या चार बाजूंना चौघांना बसवले, प्रत्येकाच्या हातात एकेक सुतळी दिली आणि म्हणाली, “या आकड्याने डबे उचलायचे आणि एकावर एक रचायचे. डब्याला हात लावायचा नाही. आणि बोलायचं नाही.”

“म्हणजे हळू बोलायचं?” मामांनी विचारले.

“बोलायचं नाही.”

“पण मग एकमेकांना कळणार कसं, ताई, की कोणी ओढायचं आणि—”

“जो बोलेल तो आज भांडी घासेल.”

त्या दिवशी भांडी मामांनी घासली. पुढच्या रविवारी पण. मित्रांनो, अनेक खेळ मनोरंजनासाठी शोधले गेले, काही बुद्धी वाढावी म्हणून शोधले गेले. हा खेळ सख्खा भाऊ गप्प बसावा म्हणून शोधला गेला, आणि म्हणूनच तो टिकला.

वाटतो तितका तो खेळ सोपा नाही. चौघांनी सारखे ओढले तर मी वर जातो. एकाने सैल सोडले तर मी उलट दिशेला झुकतो. चोच कडीत नेमकी शिरली पाहिजे, डबा वर उचलला पाहिजे, दुसऱ्या डब्याच्या बरोबर मध्यावर टेकवला पाहिजे आणि मग सगळ्यांनी एकदम सैल सोडून मला अलगद बाहेर काढले पाहिजे. यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. चौघे मिळून जिंकतात, नाहीतर चौघांच्या मांडीवर डबे पडतात.

मी मध्ये असल्यामुळे प्रत्येकाचा हात मला दोरीतून कळे. आईची दोरी तोलून-मापून चाले, जणू डबा दळायला आलेला आहे आणि माप चुकता कामा नये. मामा ओढत ते दात उपटल्यासारखे, आधी जोर आणि मग क्षमायाचना. भिंगरीची दोरी म्हणजे खट्याळ वासरू, घटकेत ताठ आणि घटकेत गायब. आणि बाबा? बाबा ओढतच नसत. ते दोन्ही कोपरे टेबलावर रोवून बसत आणि दोरी फक्त धरत. बाकीचे तिघे घसरले, भांबावले, की ते किंचित सैल करत किंवा किंचित आवळत, आणि मी पुन्हा मध्यावर येई. ते तसे का करतात हे कोणाला दिसत नसे. मला कळे. लोहारानंतर इतका भरवशाचा हात मी पाहिला नाही.

अर्थात लबाडीही चाले. मामा खोकून खुणा करत.

“खोकणं म्हणजे बोलणंच,” आई निकाल देई.

“खरंच खोकला आलाय, ताई!”

“आता तर वाक्यच बोललास. भांडी.”

पुढे सगळ्यांचा हात बसला आणि पाच डबे सहज चढू लागले. सहावा मात्र कधीच चढला नाही. तो ठेवायला गेले की मनोरा कोसळे आणि शेजारचा रंगवाला भिंतीवर थाप मारी. भिंगरी तोवर उंच झाली होती, तिला खेळ मिळमिळीत वाटू लागला. तिने नवा नियम काढला. दर डावात एकाच्या डोळ्यांवर पट्टी. उरलेल्या तिघांनी त्याला फक्त टेबलावर बोटाने टकटक करून सांगायचे. एक टक म्हणजे ओढ, दोन टक म्हणजे सैल सोड.

“काहीच सांगायचं नाही असं का नको?” आईने विचारले.

मामा म्हणाले, “डोळे बांधायचे, दोरी द्यायची आणि काही सांगायचं नाही, याला खेळ नाही म्हणत, ताई. याला पळवून नेणं म्हणतात.”

असे ते रविवार. टेबलावर दिवा, दिव्याखाली मी, माझ्याभोवती चार श्वास आणि पूर्ण शांतता. इतकी माणसे इतकी गप्प आणि तरीही इतकी एकमेकांत गुंतलेली मी परत कुठे पाहिली नाहीत. मला पुसणारे कोणी नव्हते तरी चालत होते. दर रविवारी चार हात माझ्याकडे यायचे, आणखी काय हवे?

मग भिंगरी शिकायला बाहेर पडली. तिला रविवारीही अभ्यास असे. तीन दोऱ्यांनी हा खेळ होत नाही. मी, सुतळ्या आणि डबे एका खोक्यात गेलो आणि खोके स्वयंपाकघराच्या फळीवर. माझ्या शेजारी एक न लागणारी विजेरी होती. ती सतत तिच्या तेजस्वी दिवसांबद्दल बोले. मी तिला बोलू देई. माझ्या चोचीवर तांबूस गंज चढत होता.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

भिंगरी शिकून आली. ती जमिनीची मापे घ्यायला शिकली होती. कुठे भराव हवा, कुठे खांब रोवायचा, असले काहीतरी. एके दिवशी तिला एका कचेरीने बोलावले. नद्यांवर पूल बांधणारी मोठी कचेरी. पण ती फार लांब होती, घरून जाऊन-येऊन जमण्यासारखे नव्हते. तिथेच राहावे लागणार होते.

संध्याकाळची वेळ होती. बाबा स्वयंपाकघरात खिडकीशी, दाराकडे पाठ करून, फाटलेली चाळणी दुरुस्त करत होते. भिंगरी दारात उभी राहिली. तिची ओढणी तिच्या बोटाभोवती गुंडाळली जात होती आणि सुटत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “मला पुलांच्या कचेरीत घेतायत. लांब आहे. तिकडेच राहावं लागेल. मी जाऊ का?”

बाबांनी तार ओवली. पिळली. टोक कापले.

भिंगरी थांबली. फळीवरून मला तिचा चेहरा दिसत होता. बाबांनी दुसरी तार घेतली. ती वळली आणि निघून गेली.

बाहेर आईने विचारले, “काय म्हणाले?”

“काहीच नाही.”

“मग नाहीच म्हणायचं ते.”

“तू विचार ना एकदा परत.”

“मी विचारून काय होणार? आजच ओळखते का मी त्यांचं गप्प बसणं? हे साधं गप्प बसणं नव्हे. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.”

त्या दिवसापासून घराचा नूर पालटला. भिंगरीने बाबांशी बोलणे टाकले. आईने त्यांच्यापुढे ताट ठेवताना आवाज करायला सुरुवात केली. बाबा ताटाकडे बघत, मग आईकडे बघत आणि काही न बोलता जेवत. जेवण कमी झाले होते त्यांचे. कचेरीला हो की नाही ते येत्या सोमवारी कळवायचे होते. भिंगरीने ठरवले होते की नाही म्हणून कळवायचे. बाबांच्या मनाविरुद्ध जायचे नाही आणि बाबांशी बोलायचेही नाही. रागातही आज्ञाधारक असलेल्या माणसाइतके दुःखी कोणी नसते, मित्रांनो.

आदल्या दिवशी, रविवारी, मामा आले. त्यांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. एका बाईंच्या कवळीची गोष्ट होती आणि चांगली होती. पण आई भिंतीकडे बघत होती, भिंगरी नखांकडे, बाबा पाण्याच्या पेल्याकडे. मामांना उत्तर लागत नसे हे खरे, पण कान तरी लागत. कवळी अर्ध्यावर सोडून ते गप्प झाले. मामा आपणहून गप्प झाले, हे मी फळीवरून स्वतः ऐकले.

मग त्यांनी स्टूल ओढले, वर चढले आणि आमचे खोके खाली काढले.

“हे काय काढलंस?” आई म्हणाली. “आज कोणाला खेळायचंय?”

“एवीतेवी कोणी कोणाशी बोलत नाहीच आहात,” मामा म्हणाले, “तर निदान खेळा तरी. आयती तयारी झालीय!”

कोणी हसले नाही. पण खोके टेबलावर आले होते, आणि टेबलावर आलेल्या वस्तूला हात घालणे माणसाला आवरत नाही. आईने डबे पुसले. भिंगरीने सुतळ्यांचा गुंता सोडवला. मामांनी पट्टी बाबांसमोर धरली.

“घ्या दाजी, तुम्हीच बांधा. नाहीतरी सध्या तुम्हाला कोणाचं तोंड बघायचं नाहीये.”

बाबांनी पट्टीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा असा खुलला की मला माझा गंज लपवावासा वाटला. त्यांनी पट्टी डोळ्यांवर बांधली, कोपरे टेबलावर रोवले आणि चौथी दोरी हातात घेतली. तोच हात. इतक्या वर्षांनीही तोच.

डाव सुरू झाला. भिंगरी सुरुवातीला रागाने ओढत होती. दोरीतून राग कळतो, तो टोकाला थरथरतो. तिने हिसका दिला की बाबा किंचित सैल करत. ती घसरली की ते किंचित आवळत. एक टक. बाबांनी ओढले. दोन टक. बाबांनी सैल सोडले. एकही चूक नाही. पहिला डबा, दुसरा, तिसरा. चौथ्या डब्यापाशी भिंगरीची दोरी थरथरायची थांबली. पाचव्यापाशी ती बाबांच्या दोरीबरोबर चालू लागली. ती त्यांच्याशी बोलत नव्हती, पण तिचा हात बोलायला लागला होता. हे तिला ठाऊक नव्हते. मला होते.

सहावा डबा माझ्या चोचीत अडकला. मामांनी श्वास रोखून धरला होता, त्यांचे गाल फुगले होते. एक टक. वर. एक टक. आणखी वर. डबा मनोऱ्यावर आला, डगमगला, थांबला. दोन टक. चौघांनी एकदम सैल सोडले. मी कडीतून अलगद बाहेर आलो आणि मनोऱ्याच्या बाजूने खाली टेबलावर उतरलो.

सहा डबे. उभे!

“जमलं!” भिंगरी किंचाळली. दोरी टाकून ती उठली. मामा हात वर करून नाचू लागले, “सहा! ताई, सहा झाले सहा! दाजी, तुम्ही म्हणजे—”

“टेबलाला हात लावू नका, मेल्यांनो!” आई ओरडली. “पडेल!”

म्हणून तिघे टेबलापासून दूर झाले आणि दूर राहून ओरडू लागले. मनोऱ्याला धक्का नको. तीन दोऱ्या सैल पडल्या होत्या.

चौथी ताठ होती.

बाबांना वाटले, तिघांनी जास्त ढील दिली. म्हणून ते सावकाश, जपून, ती ढील आवळू लागले. मी टेबलावरून त्यांच्याकडे सरकू लागलो. बोटभर, मग अजून बोटभर. मग ते थांबले. मान जराशी कलती, कपाळावर एकच आठी. ते टकटक होण्याची वाट पाहत होते.

“दाजी, झालं की!” मामा ओरडले. “सोडा ती दोरी!”

बाबा बसून होते.

“अहो, पट्टी काढा ना,” आई म्हणाली.

बाबा बसून होते.

“बघ ताई,” मामा हसत म्हणाले, “जिंकले तरी यांचा रुसवा जात नाही—” आणि मध्येच थांबले. कारण आई हसत नव्हती. ती दुभाषी होती ना? तिने आयुष्यभर ज्याचा अर्थ लावला, ते मौन आज तिच्यासमोर बसले होते आणि तिला त्यातला एक शब्दही वाचता येत नव्हता.

भिंगरी हळूच टेबलापाशी आली.

“बाबा,” ती म्हणाली.

काही नाही.

“बाबा!” ती मोठ्याने म्हणाली.

काही नाही. तिने वाकून टेबलावर बोटाने एक टक केली.

बाबांनी ताबडतोब ओढले.

तिने दोन टक केल्या.

बाबांनी सैल सोडले आणि पुन्हा मान कलती करून वाट पाहू लागले. त्यांची दोन्ही कोपरे टेबलावर होती. टकटक त्यांना तिथून कळत होती. कानांतून नव्हे.

भिंगरी टेबलाला वळसा घालून गेली आणि तिने मागून पट्टी सोडली. बाबांनी डोळे मिचकावले. मनोरा पाहिला.

“झाला?” ते म्हणाले. “कधी झाला?”

ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “आत्ताच. आम्ही सगळे ओरडलो की, बाबा.”

बाबांनी तिच्या ओठांकडे पाहिले. मग मामांकडे, मग आईकडे.

“मग मला सांगायचं नाही का?” ते म्हणाले.

मामांनी तोंड उघडले आणि तसेच ठेवले. त्यांच्या दवाखान्यातले लोक बसतात तसे.

भिंगरीने बाबांचे दोन्ही हात धरले. दोरी अजून त्यांच्या बोटांत होती, त्यामुळे मीही थोडासा धरला गेलो.

“बाबा, मी जाऊ का?”

“कुठे?” बाबांनी विचारले.

आई खुर्चीवर बसली. बसली म्हणण्यापेक्षा, खुर्ची मागे होती म्हणून बरे झाले.

मग सगळे एकदम सांगायला लागले, म्हणून बाबांनी गिरणीतल्यासारखा पंजा उभा धरला. थांबा. भिंगरीने एकटीने सांगितले, सावकाश, तोंड समोर धरून. जिथे शब्द पोचला नाही तिथे हातांनी नदी दाखवली, खांब दाखवले. त्या संध्याकाळी विचारले होते हेही सांगितले.

“चाळणी दुरुस्त करत होतो तेव्हा? मागून?” बाबा म्हणाले. “मला वाटलं तुम्ही दोघी माझ्याशी बोलत नाही.”

“बोलत नव्हतोच,” आई म्हणाली. प्रामाणिक बाई. मग तिने विचारले, “अहो, पण कधीपासून हे? गिरणीत काही कळलं नाही तुम्हाला?”

बाबांनी जरा आठवले. “पट्ट्याचा आवाज कमी झालाय असं वाटत होतं. म्हटलं, नवं वंगण मानवलं.”

मित्रांनो, ते स्वतःच्या कानांवर नव्हे, वंगणावर खूश होते. आणि इतरांना तरी कसे कळावे? गिरणीत कोणालाच ऐकू येत नाही, आणि घरी हा माणूस पहिल्यापासूनच गप्प. त्याचे कान कधी गेले, हे त्याच्या स्वभावाच्या आड झाकून गेले.

मग बाबा गप्प बसले. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. भिंगरीने आईकडे पाहिले, पण आईने मान हलवली. ती उठली, वळसा घालून नवऱ्यासमोर आली आणि तिने पहिल्यांदाच विचारले, “हे गप्प बसणं म्हणजे काय?”

“हे?” बाबा म्हणाले. “हे विचार करणं.”

“आणि विचार काय आहे?”

“घर फार शांत होईल.” ते भिंगरीकडे वळले. “मला तसं आता काय कळणार म्हणा. पण तुझ्या आईला होईल.” मग म्हणाले, “जा तू. बांध पूल. पण निघताना दारातून ओरडून जाऊ नकोस. समोर येऊन सांगून जा.”

सोमवारी तिने हो म्हणून कळवले. निघताना ती त्यांच्यासमोर आली, आणि त्यांचे सांगणे बराच वेळ चालले. मी टेबलावरच होतो, पण तेव्हा त्या दोघांना दोरी लागली नाही, म्हणून नेमके काय बोलले ते मला माहीत नाही.

बाबांना आता कानयंत्र आहे. बऱ्यापैकी ऐकू येते. मामा आले की ते यंत्र हळूच बंद करतात आणि मान डोलवत राहतात. मामांना त्याचा पत्ता नाही. दोघेही सुखात आहेत.

मी मात्र म्हातारा झालो. सुतळ्या कुजल्या, त्या दोनदा बदलल्या. नेढ्यात भेग आहे. वर्षातून बरेच महिने मी त्या विजेरीच्या शेजारी फळीवर असतो आणि तिचे तेज ऐकतो. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे की तुमच्या घरातल्या माझ्यासारख्या जुन्या वस्तूला अधूनमधून तेलाचे बोट लावत जा. तेलाने आम्ही टिकतो आणि बोटाने आम्हाला बरे वाटते.

भिंगरी सुट्टीवर आली की खोके खाली उतरते. आता या घरात एक नियम वाढला आहे. शेवटचा डबा बसला की कोणी ओरडत नाही. आधी कोणीतरी उठते, ज्याच्या डोळ्यांवर पट्टी आहे त्याच्यापाशी जाते आणि त्याच्या हातावर हात ठेवते. मग खेळ संपतो, मग आरडाओरडा. बाबांना आता पट्टीआडूनही सगळे ऐकू येते, माझ्यावर लपून राहत नाही. मनोरा पुरा झाला, मामांनी दबका चीत्कार काढला, की चौथ्या दोरीला गुदगुल्या होतात. तरी ते दोरी सोडत नाहीत. कोपरे रोवून बसून राहतात, पावलांची चाहूल घेत.

तुमच्याही घरात कोणीतरी असे दोरी धरून बसलेले असेल, मित्रांनो. बाकीच्यांचा डाव कधीच संपलेला असतो, फक्त त्याला सांगायचे राहिलेले असते. लांबून हाका मारत बसू नका. टेबल ते केवढे असते, त्याला वळसा घालायला कितीसा वेळ लागतो?